शंभर पृथ्व्या आणि एक मीटरची खोली

दिवाळीचा अंक हाती पडला की कोण तो कसा उघडतो यावरून माणसाची पारख करता येते, असे माझे एक जुने मत आहे. कोणी आधी कथा पाहतो, कोणी व्यंगचित्रे, कोणी जाहिरातीच मन लावून वाचतो. पण घरातली निम्मी माणसे गुपचूप शेवटच्या पानांकडे वळतात आणि आपली रास शोधतात. 'धनलाभ संभवतो, प्रकृतीस जपावे.' बस्स! वर्षाचा निकाल लागला. भविष्य एकच, तेही चार ओळींत. आणि ते खोटे ठरले तरी पुढच्या दिवाळीपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आता अशी कल्पना करा, की त्या पानावर तुमच्या एकाच राशीची एकदम शंभर भविष्ये छापली आहेत. तिसांत धनलाभ आहे, चाळिसांत काहीच नाही, उरलेल्या तिसांत खिसा कापला जाणार आहे. आणि खाली संपादकांची टीप : 'यांतले नेमके कोणते खरे होईल हे सांगता येत नाही; परंतु शंभरही मनापासून केलेली आहेत.' तुम्ही अंक परत कराल आणि पैसे मागाल! पण वाचकहो, जगभरचे हवामानशास्त्रज्ञ गेली काही वर्षे नेमके हेच करीत आहेत. आणि माझे म्हणणे असे, की चार ओळींच्या त्या एका भविष्यापेक्षा या शंभरांवर विश्वास टाकणे अधिक शहाणपणाचे आहे. मात्र तो डोळे मिटून टाकावयाचा नाही, पारखून टाकावयाचा. ती पारख कशी करतात तेवढे आज सांगावयाचे आहे. दर आठवड्यापेक्षा दिवाळीला मला जागा थोडी अधिक मिळते, तिचा हा उपयोग.

हा विषय माझ्या डोक्यात आपण होऊन शिरलेला नाही. तो आमच्या सोसायटीच्या सभेतून आला. आमची इमारत अंधेरीच्या सखल भागात आहे. पाऊस जरा जोराचा झाला, की अंधेरीचा भुयारी मार्ग बंद होतो आणि आमच्या फाटकाशी पाणी येऊन चौकशी करून जाते. विजेची मीटरे जिन्याखालच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर. ती उचलून पहिल्या मजल्याच्या वळणावर न्यावीत, असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. खर्च प्रत्येक बिऱ्हाडावर वाटून. खर्चाचे नाव निघताच सभेत लगेच दोन पक्ष पडले.

एक पक्ष म्हणाला, "२००५चा पाऊस शंभर वर्षांतून एकदा पडणारा. तो पडून गेला. आता आपल्या हयातीत काही नाही."

दुसरा पक्ष म्हणाला, "अहो, हवामान बदललंय! आता दर वर्षी २००५ समजा."

तळमजल्यावरच्या काकू तोवर गप्प होत्या. त्या दिवशी त्यांच्या देव्हाऱ्यापर्यंत पाणी चढले होते आणि त्यांनी मुलाला घेऊन रात्र गच्चीच्या जिन्यात काढली होती. त्या पहिल्या पक्षाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे पुढचा आता २१०५ला. तेवढं मला सोसायटीच्या कागदावर लिहून द्याल का?"

कोणीही लिहून दिले नाही. सभा तहकूब झाली.

काकूंचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात या विषयाचे सारे सार आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दर शंभर वर्षांनी पाहुणा येतो असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. फासा मागचे दान लक्षात ठेवीत नाही. आभाळही ठेवीत नाही. परंतु त्याहूनही मुळाशी एक प्रश्न आहे : शंभरात एक हे आपल्याला कळले कसे?

२६ जुलै २००५ या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने मोजला तो अवघा ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळांमधले अंतर पुरते पंचवीस किलोमीटरही नसेल! इकडे अंधेरी, कुर्ला, कलिना पाण्याखाली, मिठी नदी विमानतळाच्या अंगाने उसळलेली, आणि तिकडे दक्षिण मुंबईत कचेऱ्यांतली माणसे 'गाड्या का बंद पडल्या बुवा?' म्हणून विचारीत होती. त्याआधी ५ जुलै १९७४ला उलटा प्रकार झाला होता. त्या दिवशी कुलाब्याला ५७५ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ३७५.

सांताक्रूझच्या नोंदवहीत साठ-सत्तर वर्षांचेच पावसाळे आहेत. तेवढ्यात ९४४सारखा दिवस एकदाच सापडतो. एकाच उदाहरणावरून तो शंभर वर्षांतून एकदा येतो, की दोनशे वर्षांतून, की चाळीस, हे कसे ठरवावे? एका घरातले एकच मूल पाहून साऱ्या गावाच्या पोरांची उंची सांगण्यासारखे ते आहे. आणि खऱ्या पृथ्वीची अडचण अशी, की ती एकच आहे. २००५चे वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू करून, या खेपेला पाऊस कोठे पडतो ते पाहण्याची सोय नाही.

ती सोय संगणकात आहे. हवेचे, समुद्राचे, उष्णतेचे नियम गणितात बसवून शास्त्रज्ञ एक बनावट पृथ्वी तयार करतात. तिला मॉडेल म्हणतात. आणि एकच बनावट पृथ्वी जराशा फरकाने पुन्हा पुन्हा सुरू केली, की मिळतो तो मेळा. इंग्रजीत यासाठी जो 'एन्सेम्बल' शब्द योजतात, तोच गाण्या-बजावण्याच्या ताफ्यालाही लावतात; म्हणून आपण 'मेळा' म्हटले तर बिघडत नाही.

जराशा फरकाने म्हणजे किती जराशा? त्याची गोष्ट गमतीची आहे. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे एक छोटेसे गणित चालवीत होते. आधीच्या गणिताचा काही भाग पुन्हा पाहावा म्हणून त्यांनी मधूनच आकडे भरले. मूळ आकडा होता ०.५०६१२७, छापील कागदावर होता ०.५०६, त्यांनी तोच भरला. ते चहाला... नव्हे, कॉफीला गेले, आणि परत येऊन पाहतात तो दोन्ही गणिते थोडा वेळ हातात हात घालून चाललेली आणि पुढे एकमेकांचे तोंडही न पाहणारी! दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरातल्या फरकाने पुढचे सारे हवामान बदलून गेले होते. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि दूरचे अचूक भाकीत करण्याच्या स्वप्नाला तेथेच खीळ बसली.

गृहिणींना यात नवल वाटणार नाही. भाजणी एकच, सोऱ्या एकच, कढई एकच, तळणारा हातही तोच. तरी पहिल्या घाण्यातली चकली खुसखुशीत आणि तिसऱ्या घाण्यातली मऊ. तेलाची उष्णता कोठे केसभर बदलली ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील हवामान-संशोधन केंद्राने एकाच मॉडेलचा चाळीस जणांचा मेळा प्रसिद्ध केला. त्यांच्या सुरुवातीच्या तपमानात फरक होता एका अंशाच्या शंभर लाख कोटींव्या भागाइतका! एवढ्यावरून काही आठवड्यांतच चाळीस पृथ्व्यांवर चाळीस तऱ्हांचे हवामान झाले. पुढे २०१९ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेने शंभरांचा मेळा पुढे आणला, आणि २०२१ साली अमेरिकन व कोरियन शास्त्रज्ञांनी मिळून आणखी एक शंभरांचा. शंभर पृथ्व्यांची प्रत्येकी शंभर वर्षे म्हणजे दहा हजार पावसाळे. सांताक्रूझच्या साठ-सत्तर पावसाळ्यांपुढे ही केवढी मोठी नोंदवही!

येथे कोणी घाईने म्हणेल, "मग झाले तर! दहा हजार पावसाळ्यांत ९४४ किती वेळा पडला ते मोजा आणि काकूंना उत्तर द्या." थांबा. वही मोठी आहे म्हणून ती खरी आहे असे कोठे ठरले? शंभर चकल्यांत मऊ-कुरकुरीत भेद निघाला तो दैवाचा. पण भाजणीतच मीठ अधिक पडले असेल तर शंभरच्या शंभर चकल्या खारट होतील. आणि शंभर खारट चकल्यांची सरासरीही खारटच निघेल. मेळ्यातले आपापसांतले अंतर पाहून तुम्हाला दैवाचा खेळ किती ते कळते. मॉडेलची खोड कळत नाही. या एका वाक्यात या विषयातली निम्मी फसवणूक आहे, म्हणून ते मनाशी धरून ठेवावे.

खोड शोधावयाची तर मेळ्याला खऱ्या जगाच्या शेजारी बसवावे लागते. पहिली परीक्षा लपंडावाची. १९५० सालापासूनचे भारताचे खरे पावसाळे घ्यावयाचे, आणि त्याच वर्षांचे मेळ्यातले शंभर बनावट इतिहास घ्यावयाचे. मग खरा इतिहास त्या शंभरांत मिसळून टाकावयाचा आणि नावाची चिठ्ठी काढून टाकावयाची. आता एखाद्या जाणत्याला म्हणावयाचे, 'ओळखा पाहू खरा कोणता.' त्याला ओळखता आला नाही, तर मेळा उत्तीर्ण. त्याने पहिल्याच नजरेला 'हा!' म्हणून बोट ठेवले, तर मेळ्यात काही तरी बिघाड आहे. आपल्या मोसमी पावसाच्या बाबतीत पुष्कळ मॉडेले या परीक्षेत अडखळतात. मध्य भारतात ती खऱ्यापेक्षा कमी पाऊस पाडतात, ही त्यांची जुनी आणि सर्वांना माहीत असलेली खोड आहे.

दुसरी परीक्षा क्रमांकाची. दर वर्षी शंभर पृथ्व्यांचा पाऊस कमीपासून अधिकापर्यंत ओळीत लावावयाचा आणि खरा पाऊस त्या ओळीत कोठे बसतो ते पाहावयाचे. कधी तो खालून दहावा येईल, कधी नव्वदावा, कधी मधला. पुष्कळ वर्षांत तो सगळ्या जागी सारखाच फिरून आला, तर मेळा प्रामाणिक. तो सारखा ओळीच्या बाहेर, एका टोकापलीकडे किंवा दुसऱ्या टोकापलीकडे सापडू लागला, तर मेळ्याला फाजील आत्मविश्वास आहे असे समजावे. आणि नेहमी मध्येच सापडला, तर मेळा भित्रा आहे. तो 'काहीही होऊ शकते' म्हणून मोकळा होतो. ओलिव्हिए तालाग्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने या परीक्षेचा आलेख ओळखला जातो.

म्हणजे पाहा, खरा पाऊस सरासरीशी जुळला की मेळा चांगला, हा आपला साधा हिशेब येथे चालतच नाही. सरासरीत सगळे चढउतार पुसले जातात. आपली पृथ्वी ही त्या शंभर बहिणींपैकी एक. ती सगळ्यांची सरासरी नव्हे. याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९५१ ते २०१५ या काळात भारतातला पावसाळ्याचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालात नमूद आहे. आणि जग तापले की आपला पाऊस वाढेल, असे बहुतेक मॉडेले सांगतात. 'मग मॉडेले खोटी!' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या घटीमागे हवेतल्या धूरधुळीचा हात मोठा असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात; आणि मोठ्या मेळ्यात पाहिले तर काही बहिणी अशाही निघतात, की त्या वीस-तीस वर्षे खाली उतरतात आणि मग वर चढतात. एकच मॉडेल एकदाच चालविले असते तर ही गोष्ट कधी दिसली नसती. मेळ्याचा खरा उपयोग हा आहे.

आता तिसरी परीक्षा, आणि ही घरातली मुलेही करू शकतील. अमेरिकेच्या हवामानखात्यातले ग्लेन ब्रायर यांनी ती १९५० साली सांगितली. समजा, भाकीत आहे 'पावसाचा संभव सत्तर टक्के'. पाऊस पडला तर आपण १ लिहावयाचा, त्यातून ०.७ वजा करून उरले ०.३; त्याचा वर्ग ०.०९. पाऊस पडला नाही तर ०.७चा वर्ग, ०.४९. हे झाले दंडाचे गुण. जितके कमी तितके बरे. महिनाभराची सरासरी काढावयाची. जो इसम रोज 'पडेल किंवा न पडेल, अर्धा-अर्धा' म्हणतो त्याला रोज ०.२५ दंड बसतो. म्हणजे महिन्याअखेर ज्याचा दंड ०.२५हून अधिक, त्याने बोलण्यापेक्षा गप्प बसलेले बरे! वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. पण वही घेऊन हिशेब ठेवणारा मला अजून भेटावयाचा आहे. सत्तर टक्के म्हटलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवस कोरडे गेले, तर तो भाकिताचा पराभव नव्हे. तेच त्याचे यश. दहाही दिवस पाऊस पडता तर सत्तर हा आकडाच चुकला म्हणावे लागते.

परीक्षा म्हटली की कॉपीही आलीच. मॉडेल तयार करतानाच गेल्या शतकातले आकडे पाहून त्याचे कान पिळलेले असतात. मग त्याच शतकावर परीक्षा घेऊन पैकीच्या पैकी गुण देणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी वाचलेल्या मुलाचा सत्कार करण्यासारखे आहे. म्हणून त्याला न दाखविलेली वर्षे, न दाखविलेले प्रदेश राखून ठेवावे लागतात. आणि एक कॉपी याहून सूक्ष्म आहे. वेगवेगळ्या देशांची दहा मॉडेले एकच गोष्ट सांगत असली, की आपल्याला वाटते दहा साक्षीदार मिळाले. पण खोलात गेले तर त्यांतली चार एकाच जुन्या मॉडेलची पिले निघतात; समुद्राचे गणित याचे, ढगांचे त्याचे. एकाच घरच्या चार भावांनी एक सांगितले तर ती चार मते धरावयाची, की एक? हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०२१च्या अहवालात सरसकट मतमोजणी केली नाही ती याचसाठी. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जग पाच अंशांहूनही अधिक तापेल, असे काही नवी मॉडेले म्हणत होती. समितीने जुन्या-नव्या सर्व पुराव्यांशी ताडून अडीच ते चार अंश हा पल्ला अधिक संभवनीय ठरविला.

आपल्याकडचे काय? पुण्याला १९६२ सालापासून उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे. तिने तयार केलेले पृथ्वीचे मॉडेल जागतिक तुलनेत उतरले, आणि असे उतरणारे ते भारतातले पहिले. भारतीय हवामान विभागानेही २०२१पासून पावसाळ्याच्या अंदाजासाठी अनेक मॉडेलांचा मेळा वापरावयास सुरुवात केली. त्याचा हिशेब थोडा आपणच करू. एप्रिलमधला अंदाज, पाच टक्के इकडे-तिकडे धरून, २०२३ला होता सरासरीच्या ९६ टक्के, झाला ९४. २०२४ला १०६, झाला १०८. २०२५ला १०५, झाला १०८. तिन्ही वर्षे पाऊस सांगितलेल्या पल्ल्यात बसला. उलट 'दर वर्षी सरासरीइतकाच, पाच टक्के कमी-अधिक' म्हणणारा आळशी भविष्यवादी तिन्ही वेळा चुकला असता. हे कौतुकास्पद आहे; परंतु तीन पेपरांवरून मुलाला विद्वान ठरवू नये. शिवाय हा आकडा साऱ्या देशाचा, साऱ्या चार महिन्यांचा. त्याच २०२३मध्ये ऑगस्ट महिना १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, ते त्या ९४मध्ये कोठे दिसते?

आणि त्यातून अंधेरीचे काय, हा काकूंचा प्रश्न शिल्लकच आहे. मोठ्या मेळ्यांतली मॉडेले पृथ्वीचे चौकोन पाडतात, आणि त्यांचा एकेक चौकोन शंभर-शंभर किलोमीटरांचा किंवा त्याहूनही मोठा असतो. म्हणजे कुलाब्यापासून पालघरपर्यंत आणि जुहूच्या वाळूपासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत एकच चौकोन, आणि त्यात पावसाचा आकडा एकच! सह्याद्रीही त्यात चपटा होऊन बसतो. ९४४ आणि ७३ ज्या चौकोनात शेजारी शेजारी नांदले, तेथे मॉडेल दोघांना एकाच पंगतीला बसवून सारखेच वाढते. मग चौकोन लहान का करीत नाहीत? करतात, २०२५च्या मे महिन्यात आपल्या देशाने सहा किलोमीटरांच्या चौकोनांची भाकीतपद्धती सुरू केली. पण ती पुढच्या काही दिवसांसाठी. चौकोनाची बाजू निम्मी केली की गणिताचे काम सुमारे आठपट वाढते. म्हणजे महिन्याच्या पगारासारखीच गत : एक तर शंभर पृथ्व्या अंधूक पाहा, नाही तर चार-दोन स्वच्छ पाहा. दोन्ही हौशी एका पगारात भागत नाहीत. म्हणून मोठा मेळा साऱ्या प्रदेशाचा कल सांगतो आणि बारीक चौकोनांचे मॉडेल त्यातले निवडक दिवस जवळून पाहते, अशी वाटणी करतात.

हे सगळे नुसते पंडितांचे भांडण असते तर मी ते दिवाळीत तुमच्या पानात वाढले नसते. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तो हिशेब ५० करावा म्हणून सांगितले. ९४४ला चोवीसने भागले तर तासाला ३९ येतात, आणि तो पाऊस काही चोवीस तासांत सारखा वाटून पडला नव्हता. पुढच्या पन्नास वर्षांसाठी ५० पुरेत की नाहीत, हे ठरवावयाचे तर कोणत्या तरी मेळ्यावर भिस्त ठेवावीच लागणार. मेळा खारट भाजणीचा निघाला, तर कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेले नाले अपुरे पडतील, किंवा नको तेवढे मोठे होऊन दुसऱ्या कामाचा पैसा खातील. म्हणून पारख आधी, पाइप नंतर.

आमच्या सभेपुढचा प्रश्न मात्र त्याहून लहान होता, आणि तेथे मला एक सोपी गोष्ट ध्यानात आली. आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या जोडप्यांनी घरासाठी तीस-तीस वर्षांचे कर्ज काढले आहे. दर वर्षी संभव शंभरात एक असेल, तर त्या तीस वर्षांत तसा पाऊस एकदा तरी येण्याचा संभव शंभरात २६. चारांत एकाहून किंचित अधिक! आणि हवामान बदलून संभव शंभरात दोन झाला असेल, तर तीस वर्षांत तो होतो शंभरात ४५. नाणेफेकीच्या जवळपास. मी पुढच्या सभेत फळ्यावर एवढेच लिहिले. 'शंभर वर्षांतून एकदा'वाला पक्ष २६ पाहून गप्प झाला, आणि 'दर वर्षी २००५'वाल्यांनाही ४५वर समाधान मानावे लागले. गंमत अशी, की आकडा २६ असो की ४५, जिन्याखालच्या मीटरांबद्दल उत्तर एकच निघत होते. नेमका आकडा कळावा म्हणून थांबण्याची गरजच नव्हती. प्रामाणिक पल्ला पुरेसा होता. ठराव मंजूर झाला. मीटरे वर गेली. काकूंनी सभेला चहा दिला, साखर जरा जास्त घालून.

भविष्याकडे पाहण्याची मला पटलेली रीत ही अशी. 'काय होणार?' असे विचारले की कोणी तरी छातीठोकपणे एक उत्तर देतो, आणि आपण ते हौसेने ऐकतो. 'काय काय होऊ शकेल, आणि असे सांगणारा आजवर किती वेळा खरा ठरला?' असे विचारले की उत्तर देणाऱ्याला वही उघडावी लागते. डॉक्टरांपाशी, शेअरबाजाराच्या जाणकारापाशी, निवडणुकीच्या अंदाजवाल्यापाशी, सगळीकडे हा दुसरा प्रश्न चालतो. मात्र तो विचारण्याचे धैर्य हवे, आणि शंभर उत्तरे ऐकून घेण्याची सबुरी हवी.

तेव्हा या दिवाळीला मुलांना फटाक्यांबरोबर एक शंभरपानी वही आणून द्या. येत्या जूनपासून रोज सकाळी पावसाचा सांगितलेला संभव एका रकान्यात आणि रात्री 'पडला' की 'न पडला' ते दुसऱ्या रकान्यात लिहू द्या. बोरिवलीच्या मुलाने बोरिवलीचा पाऊस लिहावा, मुलुंडच्या मुलीने मुलुंडचा. घाटकोपरची वही या दोघांशी जुळली नाही तर खोडरबर घेऊ नये. सप्टेंबर सरला की ब्रायरसाहेबांचा हिशेब करा. ०.२५च्या खाली उतरलात तर वेधशाळेला मनातल्या मनात एक लाडू द्या; वर राहिलात तर निदान तक्रार तरी आकड्यानिशी करता येईल. दीपावलीच्या शुभेच्छा!